दसऱ्याला सांगितलेली रीत

सुरतेत बमरोलीच्या बाजूला जो एक रसायनाचा कारखाना होता, त्याच्या आवारातच लोटू दगा महाले याची खोली होती. खोलीला दार एकच होते आणि ते भट्टीच्या अंगणात उघडत असे. बाजाराला जायचे असो की कोणाच्या मयतीला, आधी भट्टी ओलांडावी लागे, मग लोखंडी फाटक. बारा वर्षे लोटूला याचे काही वाटले नव्हते. माणसाचे घर त्याच्या कामापासून लांब नसावे, असे तो उलट म्हणत असे. १९९९ सालच्या उन्हाळ्यात मात्र त्या एका दाराचा विचार त्याच्या मनातून जाईना.

लोटू साक्री तालुक्यातला. कारखान्यात आधी चिनीमातीच्या भांड्यांचे रंग होत असत आणि तो भट्टीवाला होता. मालक धनसुखभाई रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. मोबाईल टेलिफोन नवे नवे आले, तेव्हा त्यांच्यात जी लिथियमची बॅटरी असते तिच्यासाठी लागणारी काळी पावडर करून पाहावी, असे त्यांच्या मनाने घेतले. पावडर झाली. पण बॅटरी पुन्हा पुन्हा भरली आणि रिकामी केली की ती लवकर थकत असे. पावडरीच्या प्रत्येक कणावर पातळ कवच चढवले तर ती टिकेल, हे धनसुखभाईंना ठाऊक होते. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे पाणी केले आणि पावडरीवर ओतले. सगळ्याचा गोळा झाला. दोन महिने रोज गोळाच होत होता.

एके दिवशी लोटू न राहवून म्हणाला, "शेठ, तुम्ही लाडू करता आहात. आपल्याला हलवा पाहिजे."

मग त्याने समजावून सांगितले. त्याची बायको इंदुबाई संक्रांतीला काटेरी हलवा करत असे. परात कोमट ठेवायची, तिळावर पाकाचा एक थेंब टाकायचा, बोटांनी हलवत राहायचे, वाळले की दुसरा थेंब. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटतात. धनसुखभाई आधी हसले आणि नंतर त्यांनी बाही वर सारली. फिरते भांडे मंद तापवून, चाळीस वेळा शिंपडून आणि चाळीस वेळा वाळवून पावडर केली, ती शेवटी भट्टीत भाजली. ती बॅटरी टिकली. थेंब केव्हा टाकायचा, हे लोटू पावडर मुठीत धरून सांगत असे. मूठ उघडल्यावर ढेकूळ बोटाने फुटले पाहिजे, आणि तळहाताला ओल लागता कामा नये.

त्यानंतर दसरा आला, शहाण्णव सालचा. आमच्याकडील कारागिरांत अशी समजूत आहे की, दसऱ्याला अवजार झाकून ठेवू नये, झाकले तर ते रुसते. ज्याच्या हातचे अवजार, त्याने त्याची पूजा करावी आणि आलेल्या पाहुण्याला त्याचे काम सांगावे. त्या दिवशी फाटक उघडे होते. भट्टीला झेंडूच्या माळा होत्या. तीसेक माणसे आली होती. त्यांत इंदुबाईचा धाकटा भाऊ सुकदेव होता. तो कडोदऱ्याला दुसऱ्या एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होता. लोटूने नवा सदरा घातला होता. भांड्याला कुंकू लावून त्याने सर्वांना रीत सांगितली, थेंबापासून मुठीपर्यंत. हलव्याचे उदाहरण दिल्यामुळे बायकांनासुद्धा ती एका दमात कळली. धनसुखभाई शेजारीच पेढ्यांचा खोका घेऊन उभे होते. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईच्या कार्यालयात पेटंटचा अर्ज केला. ते सरळ मनाचे होते, म्हणून खरा आणि पहिला शोधक या जागी त्यांनी लोटूचे नाव घातले. लोटूला अंगठा उठवावा लागणार होता. त्याला लाज वाटली. कागद आठ दिवस थांबवून त्याने मुलीकडून, पल्लवीकडून, आपले नाव गिरवायला शिकून घेतले आणि सही केली. मग संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात त्याने नाव घातले आणि दोन वर्षांत तो सावकाश का होईना, पान वाचू लागला.

मुंबईच्या तपासणी अधिकाऱ्याचे पत्र आले. आपल्या कायद्यात रासायनिक पदार्थाला पेटंट मिळत नाही, फक्त तो करण्याच्या रीतीला मिळते, तेव्हा पावडरीवरचा हक्क काढून टाकावा, असे त्यात होते. मुठीची परीक्षा ही काही मोजमाप नव्हे, ओल किती आणि उष्णता किती ते आकड्यांत लिहावे, असेही होते. लोटू मूठ उघडत राहिला, धनसुखभाई तराजू आणि तापमापक घेऊन आकडे लिहीत राहिले. अधिकाऱ्याचे समाधान झाले. अर्ज मान्य होऊन राजपत्रात छापला गेला. पल्लवीने ते पान आणले आणि इंदुबाईने ते देवाजवळ ठेवले.

विरोध करायला कायद्याने चार महिने असतात. तिसऱ्या महिन्यात कडोदऱ्याच्या कारखान्याने विरोध नोंदवला. ही रीत अर्जाच्या आधीच लोकांना माहीत होती, आणि जे आधी माहीत आहे त्याला पेटंट मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुरावा म्हणून सुकदेवचे शपथेवरचे कथन जोडले होते. शहाण्णवच्या दसऱ्याला शोधकानेच हलव्याचे उदाहरण देऊन रीत सांगितली, असे त्यात लिहिले होते.

अधिकाऱ्याने उत्तर मागितले. धनसुखभाईंनी लोटूला कार्यालयात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच लोटूला भीती वाटली. त्यांनी धमकी दिली नाही. त्यांनी सांगितले की, आपण स्वतः पूजेच्या वेळी कार्यालयात होतो आणि भट्टीपाशी फक्त आरती झाली, असे आपण शपथेवर लिहून दिले आहे. आता लोटूने तेवढेच लिहून द्यायचे.

"लोटुभाई, कागळ पर तमारुं नाम छे," ते म्हणाले. "मी तुमचे नाव घातले. मला घालायलाच पाहिजे होते असे नाही."

 लोटूने हिशेब केला तो माणसांचा. खोटे लिहिले तर इंदुबाईचा भाऊ लबाड ठरतो. खरे लिहिले तर मालक लबाड ठरतात, आणि त्यांच्याच आवारात आपण राहतो. गप्प बसलो तर गप्प बसणेही साक्षच धरली जाईल, असे शेठच्या वकिलाने सांगितले होते. कोणत्याही बाजूने गेले तरी भट्टी ओलांडावीच लागत होती.

घरी इंदुबाई दोन दिवस त्याच्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मना भाऊले खोटं पाडू नका." थोड्या वेळाने तिनेच विचारले की, खोली गेली तर पल्लवीची दहावी कुठे होणार. दोन्ही गोष्टी तिने एकाच आवाजात सांगितल्या.

लोटू रविवारी कडोदऱ्याला जाऊन सुकदेवला भेटला. कथन मागे घे, असे सांगायला तो गेला होता. सुकदेवने चहा मागवला, मेव्हण्याची थट्टा केली, शोधकसाहेबांना बशी द्या म्हणाला. पण पुढे त्याचा चेहरा उतरला. दसऱ्याहून परत गेल्यावर त्याने ती गोष्ट सहज, कौतुकाने सांगितली होती. आता त्याच्या मालकाने त्याच्यासमोर कागद ठेवला होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. "मी एक अक्षर जास्तीचं लिहिलं नाही, दाजी," तो म्हणाला. "तुमनं तोंडच तुमनी साक्ष शे."

लोटू आला तसा परत फिरला.

ऑगस्टमध्ये लोटू, धनसुखभाई आणि वकील नोटरीकडे गेले. पुढे कोणी म्हणू नये की अडाण्याला फसवले, म्हणून वकिलाने लोटूचे कथन मराठीतही लिहून आणले होते आणि ते त्यानेच मोठ्याने वाचावे, असे ठरले होते. अंगठ्याचा माणूस असता तर कोणीतरी भरभर वाचून दाखवले असते, अर्धे कानावरून गेले असते आणि मला काय ठाऊक, असे पुढे म्हणता आले असते. तेवढी पळवाट त्याने स्वतःच्या हाताने, पाटीवर गिरवून गिरवून, बंद केली होती.

तो बोट ठेवून वाचू लागला. आपले नाव, वडिलांचे नाव, वय, राहणार बमरोली. चौथ्या ओळीवर बोट थांबले. "दसऱ्याच्या दिवशी मी सदर रीत कोणासही सांगितली नाही." त्याने ती ओळ वाचली. नोटरीने शाईचे पेन पुढे केले.

लोटूने पेन घेतले नाही. "शेठ, मी सांगितली होती," तो हळू म्हणाला. "तुम्ही पेढे वाटत होता."

धनसुखभाईंनी खिडकीकडे पाहिले. वकिलाने कागद गोळा केले. परतीच्या रिक्षात लोटू आणि धनसुखभाई बमरोलीपर्यंत शेजारी बसून आले.

पंधरा दिवसांनी धनसुखभाईंनी अर्ज मागे घेतला. दसऱ्यापर्यंत कडोदऱ्याला त्याच रीतीने पावडर निघू लागली. धनसुखभाईंनी लोटूला काढले नाही. आकडे लिहून झाले होते, तरी त्यांच्या कारखान्यात दुसऱ्या कोणाच्या हाती पावडरीचा अजूनही गोळा होत असे. कडोदऱ्याच्या मालकाला लोटूची गरज नव्हती, कारण त्याच्याकडे सुकदेव होता आणि त्याचा हात आता बसला होता. म्हणून लोटू तिथेच राहिला, त्याच खोलीत, त्याच भांड्यापाशी. धनसुखभाई त्याला लागेल तेवढे सांगत आणि परत जात. खुर्ची पुन्हा कधी मिळाली नाही.

त्या वर्षी दसऱ्याला फाटकाला आतून कुलूप होते आणि किल्ली धनसुखभाईंकडे होती. पाहुण्यांना बोलावू नये, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. भट्टीवर ताडपत्री होती. लोटूने ताडपत्रीचे एक टोक वर करून जेवढे दिसले तेवढ्याला कुंकू लावले.

दुपारी सुकदेव आला. तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि आपट्याची पाने त्याने गजांतून आत दिली. लोटूने ती घेतली आणि आपल्याजवळची त्याला दिली. पाया पडायचे ते गजांमुळे जमले नाही.

"दाजी, भट्टी उघडी नाही ठेवली?" सुकदेवने विचारले.

"नाही ठेवली," लोटू म्हणाला, आणि बहिणीला बोलावतो असे सांगून भट्टी ओलांडून खोलीकडे गेला.