रिकामं उत्तर

उचगावच्या घरात मुबशिरा दिवसभर एकटीच असे. अम्मी गेल्यापासून भाऊ खिजर जुम्म्याला दुबईहून फोन करायचा, तेवढाच काय तो घरात आवाज. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची. कुणी अ‍ॅपमध्ये काही विचारलं की सर्व्हरवरून उत्तर धाडणारे कोडचे तुकडे, म्हणजे व्ह्यू, ती लिहायची. उत्तर जेसन नावाच्या साच्यात जायचं, म्हणजे नुसती कोरडी माहिती. त्या माहितीला रंगरूप द्यायचं काम दुसऱ्यांचं. आपलं काम कुणाच्या नजरेला पडत नाही, याची तिला सवय झाली होती.

एकदा शेजारच्या सोनूबाई मोबाईल घेऊन आल्या. त्यांच्या मालकांचं, दादासोंचं, डायलिसिस चालू होतं आणि त्या केंद्राचं अ‍ॅप मुबशिराच्याच कंपनीचं होतं.

"मुबे, बघ की जरा. नुस्तं पांढरं दिसतंय. ह्यास्नी कवा न्यायचं?"

मुबशिरानं केंद्रात फोन करून वेळ विचारून दिली, मग कोड उघडला. लॉगिनची मुदत संपली की तिचा व्ह्यू जेसनऐवजी लॉगिनचं अख्खं वेबपान धाडत होता, आणि अ‍ॅपला ते वाचताच येत नव्हतं. चूक तिचीच होती. तिनं व्ह्यू बदलला. आता तिथूनही जेसनच जाणार होतं, आत साधा निरोप: पुन्हा लॉगिन करा.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईंनी दारातनंच हाळी दिली, "दिसाय लागलं गं!"

मुबशिराच्या कामाबद्दल कुणी असं ओरडून सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

दिवाळी झाली आणि दादासो गेले. पै-पाहुणे पांगल्यावर एका दुपारी सोनूबाई पुन्हा मोबाईल घेऊन आल्या.

"आता कायच येत न्हाय बघ ह्यात."

मुबशिरानं पाहिलं. उत्तर बरोबर होतं. डायलिसिसची पुढची वेळच नसली की यादी रिकामी, जेसनमध्ये नुसते दोन कंस, आत काही नाही.

"बिघडलेलं न्हाय, मावशी," ती कशीबशी म्हणाली. "आता... त्यात काय येणार न्हाय."

"म्हाईत हाय मला," सोनूबाई म्हणाल्या. "घरात बोलाय कोन न्हाय. यायला काय तरी निमित्त पायजे की."

लॅपटॉपवर पुण्याचा कॉल वाजत होता. मुबशिरानं तो कापला आणि चहा ठेवला. दादासोंना पाणी बेतानंच प्यायला सांगितलेलं, तरी ते माठापाशी चोरपावलांनी कसे जायचे, ते सांगताना सोनूबाई हसल्या, मग पदरात तोंड घालून रडल्या. मुबशिरा जवळ सरकून बसली.

दिवेलागणीला त्या उठून गेल्या, आणि दोन्ही घरं गप्प झाली.