रस्ता ओलांडायला कोल्हापूर

"रविवारी येतीस का? रस्ता ओलांडायचाय," मावशीचा फोन.

लोक कोल्हापूरला देवीसाठी जातात, तांबड्या-पांढऱ्यासाठी जातात. मी पुण्याहून एक रस्ता ओलांडायला निघाले.

मावशी, निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठेत राहते. रस्त्यापलीकडे दूध कट्टा आहे. संध्याकाळी तिथं म्हशी येतात आणि डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात मिळतो. मावशीची रोजची बैठक तिथलीच. पण पावसाळ्यात एक मोटरसायकल तिला घासून गेली, तेव्हापासून ती कट्टा गॅलरीतूनच बघते. आता महापालिकेनं त्याच रस्त्यावर प्रयोग मांडला होता: चालणारे, सायकलवाले, गाड्या, सगळ्यांना आपापली जागा. मावशीला त्याची परीक्षा घ्यायची होती.

सकाळची एसटी पकडली. हायवेचं काम चालू आहे, ठिकठिकाणी वळसे. जाणार असाल तर तासभर जास्तच धरा. स्टँडवर रिक्षावाला म्हणाला, "ताई, कोपऱ्यावर सोडतो. पेठेत रस्ता बारीक केलाय. रुंद करत्यात ऐकलंतं, बारीक केलेला पयल्यांदाच बघतोय!"

खरंच, दोन्ही कडांना कुंड्या मांडून रस्ता आवळला होता. मधोमध दम खायला छोटा ओटा. पांढरे पट्टे मारायचं काम तालमीच्या पोरांनी हौसेनं घेतलेलं. इथल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात; हाताला मैदान आखायची सवय, त्यामुळे पट्ट्यांशेजारी अर्धं सेंटर सर्कलही उमटलं होतं.

संध्याकाळी मावशी इस्त्रीची साडी नेसून खाली उतरली. रस्ता आखणारी इंजिनिअर मुलगी लगबगीनं पुढे आली. "आजी, मी येते सोबत."

"तू हो बाजूला. पेपर काढणाऱ्यानं उत्तर सांगायचं नसतंय."

माझा हात मात्र तिनं घट्ट धरला होता. तिची जुनी युक्ती मला ठाऊक होती: म्हशीच्या मागून जायचं. गाड्या माणसाला थांबत नाहीत, म्हशीला थांबतात. तेवढ्यात दूधवाले सर्जेराव म्हैस घेऊन आलेच. आम्ही मागे लागलो.

म्हैस पट्ट्यांपाशी आली, वास घेतला आणि ठप्प उभी राहिली.

"चल की गं!" सर्जेरावांनी ढकललं. ती ढिम्म.

स्कूटरवरचा एकजण ओरडला, "मामा, गावात नियम पाळणारी एवढी एकटीच हाय, राहू दे की!"

मावशीनं म्हशीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "आता हिच्या भरवशावर संध्याकाळ घालवू व्हय मी?" आणि माझा हात सोडला.

ती निघाली. एक मोटरसायकल आली, अरुंद रस्त्यात हळू झाली, थांबली. मावशी ओट्यावर पोचली, पदर नीट केला, वर्गावर नजर फिरवावी तशी दोन्हीकडे बघितलं आणि उरलेला रस्ता पार केला. मग कुठं म्हैस हलली.

"बघा बघा," सर्जेराव गरजले, "आज म्हैस बाईंच्या मागनं आली!"

मी अजून अलीकडेच होते. पलीकडून मावशी पेला उंचावून हाक मारत होती, "ये की, घाबरतीस काय?"

प्रयोग टिकेल की कुंड्या उचलल्या जातील, कुणालाच माहीत नाही. पुण्यात परतल्यावर सोसायटीसमोरच्या रस्त्यावर मी बराच वेळ ताटकळले. चक्क म्हशीची वाट बघत असावे.

त्या संध्याकाळी मावशीला फोन केला. बराच वाजला, कुणी उचलला नाही. एरवी मी लगेच तिच्या शेजाऱ्यांना फोन लावला असता. मी घड्याळ बघितलं. धारेची वेळ होती. फोन ठेवून दिला.