सिस्टरच्या फाटकातलं गाठोडं

त्या वर्षी माझ्या डोक्यात दोन चेटकिणी राहत होत्या. मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी मी मालिका लिहीत होते. एक लहानसं गाव, गावात पिठाची गिरणी, गिरणी चालवणाऱ्या दोन बहिणी आणि दोघीही चेटकिणी. गावात काही हरवलं, कुणाला कुणी फसवलं, कुणाच्या विहिरीतून रडण्याचा आवाज आला, की लोक दळणाचा डबा घेऊन गिरणीवर यायचे. मग बहिणी थोडी जादू आणि थोडं डोकं वापरून कोडं सोडवायच्या. कंपनीच्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "रक्त नको, भीती नको. ऐकत ऐकत पोळ्या लाटता आल्या पाहिजेत."

काम गमतीचं होतं, पण मला त्याने पछाडलं होतं. झोप उडाली होती. संवाद मोठ्याने बोलून बघायची मला सवय आहे. एक बहीण घोगऱ्या आवाजात, दुसरी चिरक्या. नवरा अंबडला कारखान्यात, शिफ्टमध्ये. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्या विंचूरच्या, कांद्याच्या खळ्यावर वाढलेल्या, कमी बोलणाऱ्या. माझे ते दोन आवाज त्यांना हॉलमध्ये ऐकू जायचे. "दिवेलागणीला तरी त्यांचं नाव घेऊ नकोस," एवढंच म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचे.

आमची रो-हाऊसची गल्ली आहे. आमच्यापासून दोन घरं सोडून सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, मूळच्या सुरगाण्याकडच्या, आदिवासी पाड्यातल्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. संध्याकाळी त्यांच्या पायरीवर बीपी तपासून घ्यायला बायका बसलेल्या असायच्या. त्यांच्या पायाशी गल्लीतली एक तपकिरी कुत्री. तिला त्या दूधपोळी घालायच्या, म्हणून रात्रीही ती त्यांच्याच फाटकाशी झोपायची.

गणपती बसायच्या सुमारास एका रविवारी सकाळी सिस्टरच्या फाटकात एक गाठोडं सापडलं. काळं कापड, आत कुंकू लावलेलं लिंबू, भाकरीचा कुरतडलेला तुकडा. त्यांनी ते उचलून टाकलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंनी पाहिलं.

या काकूंच्या सुनेचं पोटातलं मूल त्याच महिन्यात गेलं होतं. पाचवा महिना संपत आला होता. घरात कुणाला काही सुचत नव्हतं. आणि त्या सुनेचं बीपी दर आठवड्याला सिस्टरच बघायच्या.

काकूंनी गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हे कुणाच्या दारात सापडतं ते सगळ्यांनी बघून ठेवा.' मग कुणीतरी लिहिलं, 'दुसऱ्याने ठेवलं असतं तर एकदा ठेवलं असतं, दर रविवारी नाही.' मग आणखी कुणी, 'सुरगाण्याकडे हे लय चालतं म्हणे.' चार दिवसांत सिस्टरची पायरी रिकामी झाली. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला.

भाजीच्या गाडीवर काकूंनी मला गाठलं. डोळे सुजलेले होते. "तू तर यातलंच लिहितेस ना?" त्या म्हणाल्या. "मग सांग, अशा बायका ओळखायच्या कशा?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी मेथीची जुडी तशीच ठेवून घरी आले. संगणकासमोर बसले, उठले, पुन्हा बसले. गिरणीतल्या बहिणी एक शब्द बोलेनात.

दुपारी सिस्टरकडे गेले. दार आतून लावलेलं होतं, मी हाक मारल्यावर उघडलं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती.

"कुठे निघालात?"

"अजून ठरवलं नाही," त्या म्हणाल्या. "भरून ठेवलेली बरी."

मी म्हटलं, असं काही होत नाही हो, शहर आहे, कायदा आहे, आपण पोलिसात जाऊ. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या मावशीला भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवलं होतं. पाड्यावर एक पोर ताप येऊन गेलं. भगताने तांदूळ टाकून पाहिले आणि मावशीचं घर दाखवलं. मी तेव्हा नर्सिंगला होते. सुट्टीत गेले तर घराच्या कुडाच्या भिंती मोडलेल्या. जीपवाला म्हणाला, गुजरातकडे सोडून आलो तिला. पुढे काही कळलं नाही."

मी पलंगावरची बॅग जरा सरकवून बसले.

"तुझ्या गोष्टी ऐकते मी," त्या म्हणाल्या. "छान असतात. पण तुझ्या गावात लोक त्या दोघींकडे दळण घेऊन येतात. माहीत असून येतात. ते कसं काय, ते मला कळत नाही."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. मी घरी येऊन भांडी घासत राहिले, घासलेलीच.

हे गाठोडं कोण ठेवतं ते शोधायचंच, असं मी ठरवलं. संशय घ्यायला माणसं होती. सिस्टरचं घर विकत मागणारा एक एजंट दोनदा येऊन गेला होता. समोरच्या गृहस्थांचा कुत्रीवरून वाद झाला होता. काकू तर होत्याच. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांना उभं करून प्रश्न विचारत होते आणि चहा उकळून ओट्यावर सांडत होता. सासूबाई माझ्याकडे बघायच्या, फडकं घ्यायच्या, पुसायच्या.

रविवारी उजाडता उजाडता गच्चीवर जाऊन बसले. दूधवाला आला, गेला. पेपरवाला आला, गेला. फाटकापाशी कुणी फिरकलं नाही. कुत्रीसुद्धा जागेवर नव्हती.

मग ती नाल्याच्या बाजूच्या तिठ्यावरून आली. तोंडात काळं काहीतरी धरलेलं. ऐटीत फाटकाशी गेली, बसली, पंजाने कापड फाडलं, आतली भाकरी अर्धीमुर्धी खाल्ली. लिंबू हुंगून बाजूला सारलं. मग त्याच कापडावर डोकं ठेवून झोपली.

मला गच्चीवरच नाचावंसं वाटलं. कुणीतरी आपल्या घरच्या माणसावरून उतारा काढून तिठ्यावर ठेवतं आणि ही बया तो उचलून आणते! धावत खाली गेले, कुत्रीला हुसकलं, कापड उचललं.

काळ्यावर बारीक पांढरे ठिपके. माझ्या कुडत्याचं कापड होतं ते. महिनाभर मी तो कुडता शोधत होते.

घरात गेले तेव्हा सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी कापड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"आई, हे तुम्ही ठेवता?"

"मग कोण ठेवणार? तुझी आई लांब आहे."

"माझ्यावरून?"

"झोपेत असतेस तेव्हा उतरवते. शनिवारी दुपारी पडतेस ना जरा, तेव्हा." आता त्यांनी वर पाहिलं. "तू झोपत नाहीस. जेवत नाहीस. घरभर फिरतेस. एकटीच बोलतेस आणि तेही दोन आवाजांत. मी काय करायचं होतं? डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसतेस."

"आई, त्यामुळे सिस्टरना लोक काय म्हणताहेत माहीत आहे ना?"

त्यांनी लसूण बाजूला सारला. माहीत होतं. ग्रुपवर नसल्या तरी गल्लीत होत्या.

"मला वाटलं, दुसऱ्याही कुणाचं असेल," त्या म्हणाल्या. "मी तर तिठ्यावर ठेवत होते."

"आता सांगायला हवं."

"आणि मग ते मला काय म्हणतील?"

काकूंच्या सुनेचं दुःख कुणाच्या तरी दारात टेकायला जागा शोधत होतं. ते आमच्या दारात आणून ठेवायचं का? नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सोड, विसरतील लोक. दुपारभर मी ग्रुपवर लिहिलं आणि पुसलं. 'एक कुत्री' असं सुरू केलं. 'आमच्याकडून' असं सुरू केलं. पाठवलं काहीच नाही. सासूबाईंनी त्या दिवशी देवाला दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

सोमवारी सकाळी घंटागाडी आली. आम्ही सगळ्या बादल्या घेऊन बाहेर उभ्या. सिस्टरही आल्या, शेवटी, सगळ्यांपासून जरा लांब. कचरा घेणाऱ्या माणसाने त्यांच्या बादलीला हात घातला, तशा काकू ओरडल्या, "ती नको घेऊस. त्या घरातलं काही हातात घेऊ नकोस."

तो माणूस थबकला. सिस्टर बादली धरून उभ्या राहिल्या. बाकीच्या आपापल्या बादल्यांकडे बघत राहिल्या, मीसुद्धा.

सासूबाई माझ्या मागे होत्या. त्या पुढे गेल्या, सिस्टरच्या हातातून बादली घेतली आणि स्वतः गाडीत रिकामी केली. मग काकूंकडे वळल्या.

"गाठोडं माझं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेवरून उतरवलेलं. मी तिठ्यावर ठेवते, कुत्री इथे आणते. हिने पाहिलंय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काय बोलायचंय ते मला बोल."

काकूंचं तोंड उघडं राहिलं, मग वेडंवाकडं झालं आणि त्या तिथेच रडायला लागल्या. त्यांना कुणीतरी आत नेलं. बाकीच्यांची नजर सावकाश माझ्यावर आली. "तुला बरं नाही का गं?" शेजारीण म्हणाली. तो प्रश्न पुढे महिनाभर मला कुणी ना कुणी विचारत राहिलं.

सिस्टर सासूबाईंना म्हणाल्या, "ज्वारीची भाकरी असायची ना? तरीच ती जाड व्हायला लागली होती." त्या हसल्या नव्हत्या. रिकामी बादली घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी सासूबाई बीपी दाखवायला गेल्या. त्यांना बीपी नाही. दुसऱ्या दिवशीही गेल्या. आठवडाभर पायरीवर त्या एकट्याच. मग सिस्टर सुरगाण्याला गेल्या, भावाकडे भातकापणी होती. ती भरलेली बॅग घेऊनच गेल्या. परत येतील की नाही याची मला खात्री नव्हती. दिवाळीनंतर आल्या, आमच्यासाठी नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ घेऊन.

त्या काळात मी एक भाग लिहिला. त्यात गावातले लोक गिरणीवर येणं बंद करतात. कंपनीने परत पाठवला, फार जड झालाय म्हणून. मी तो बदलून दिला. काम सोडलं नाही. सासूबाईंच्या आग्रहाखातर डॉक्टरकडेही जाऊन आले. गोळ्यांनी झोप येते, पण आतली तगमग कमी झालीय असं म्हणवत नाही.

डिसेंबरात एका दुपारी मी सिस्टरकडे बसले होते. फाटक वाजलं. काकू होत्या, कडेवर नात. पोरीचं अंग भाजत होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. काकू फाटकाच्या आत आल्या आणि पायरीशी थांबल्या.

सिस्टरनी पोरीच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, डोळे पाहिले. मग म्हणाल्या, "हिला दवाखान्यात न्या."

"तुमच्याकडचं औषध द्या ना," काकू म्हणाल्या. "आधी द्यायचात तसं."

"नाही देणार," सिस्टर म्हणाल्या. "उद्या काही झालं तर?"

काकूंनी मान खाली घातली. मी रिक्षा बोलावली आणि त्यांच्याबरोबर गेले. घसा सुजला होता, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. येताना काकू रिक्षाबाहेर बघत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "सिस्टरचं बरोबर आहे."

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सिस्टर शाल पांघरून रस्त्यातच उभ्या होत्या. रिक्षा थांबायच्या आधीच त्यांनी आत हात घालून पोरीच्या मानेला लावला आणि किती वेळ तो काढलाच नाही.