काठावर उरलेली चुंबळ

विहिरीची कड कोसळली आणि माझ्या तोंडात माती भरली. ओरडता येईना. कमरेखालचं काही हलेना. वर बायकांचा आरडाओरडा चालला होता, तो ऐकू येत होता. मग सासूचा आवाज आला, "समद्या आल्या बाई वर. देवानं राखलं."

मी तर खाली होते.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमचं गाव पैठणकडचं. विहिरीच्या तळाशी एका कपारीत थोडं पाणी पाझरायचं. पायऱ्या उतरून कपारीत शिरायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. माझे मालक हवाई दलात, विमानं दुरुस्त करायला. एकाहत्तरची लढाई संपल्यावर रजेवर आले आणि आल्याआल्या विहिरीवर नियम लावून बसले. उतरणाऱ्या बाईनं हंड्याखाली डोक्यावर घ्यायची आपली चुंबळ काठावर ठेवायची. वर आली की आपलीच उचलायची.

बायका लई हसल्या. थोरली जाऊ म्हणाली, "भावजी, आमच्या पाठीवर बी इमानावानी नंबर टाका की!"

मला लाज वाटायची. त्या सकाळी मी म्हणाले, "साहेबगिरी तिकडं करा. इथं पाणी भरू द्या."

"चुंबळ ठेव, मग उतर."

मी ती रागानं त्यांच्या पायाशी फेकली आणि उतरले.

पुढचं जावेनं सांगितलं. कड ढासळली तशा सगळ्या वर पळाल्या आणि आपापली चुंबळ उचलून बाजूला झाल्या. एकजण माझ्याबद्दल म्हणाली, "ती मघाच घरी गेली, मी पाहिलं." मालकांनी फाटक्या हिरव्या लुगड्याची चुंबळ उचलून दाखवली. "ही तिची. ती खालीच हाय." माती अजून पडत होती, कोणी उतरायला धजेना. हे उतरले. मागून थोरला दीर उतरला. फावडं मला लागेल म्हणून दोघांनी हातांनी उकरलं. आधी माझी वेणी सापडली. तिलाच धरून ओढलं.

वर आल्यावर हे एवढंच बोलले, "हंडा गेला." आभार मानायची आमच्यात रीत नव्हती. चुंबळ फाटेपर्यंत वापरली.

पुढं शहरात, गारखेड्यात घर झालं. तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती, आता बिल्डिंगी आहेत. पाणी अजूनही हंड्यात भरूनच ठेवावं लागतं. हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या तुकडीतले दोघं म्हातारे भेटायला आले. एक ह्यांचे जोडीदार मेकॅनिक, दुसरे पायलट साहेब. नातीनं मोबाईल पुढं धरला आणि विचारलं, "आजोबांनी लढाईत काय केलं?"

जोडीदार म्हणाले, "पेचकस शोधला."

नात हसली. तिला बॉम्ब पाहिजे होते.

मग त्यांनी नीट सांगितलं. स्क्रू पिळायचा पेचकस असो की पाना, दुरुस्तीचं हत्यार घेताना आपला नंबराचा पितळी बिल्ला त्याच्या खुंटीला लावायचा, हत्यार परत ठेवलं की बिल्ला काढायचा. एक बिल्ला जरी खुंटीवर राहिला तरी विमान सोडायचं नाही.

साहेब म्हणाले, "मी पट्टे बांधून बसलो होतो. तुझा आजोबा सही करेना. मी नाही नाही ते बोललो त्याला. तो आपला एकच म्हणत होता, साहेब, एक बिल्ला खुंटीवर आहे. शेवटी माझ्या पायाखालचा पत्रा उघडला. पेचकस तिथंच पडला होता, विमान वळवायच्या दांड्यांच्या सांध्यापाशी. तो वर गेल्यावर अडकला असता, तर विमान माझ्या हातात राहिलं नसतं."

इतकी वर्षं मी त्या चुंबळीच्या नियमाला साहेबगिरी म्हणत आले होते. मग मी त्या दोघांना विहिरीचं सांगितलं.

जोडीदार म्हणाले, "तरीच! रजेवरून आला तेव्हा बोटांची सालं निघालेली होती. विचारलं, तर म्हणाला, विहीर खणत होतो."

साहेब हसले, मग मला म्हणाले, "बाई, आपण दोघं एकाच हिशोबातले."

"व्हय," मी म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

त्या दिवशी आम्ही सातजणी विहिरीत उतरलो होतो. सातही जगलो. साहेबही जगले.