राऊटर तोच, खोका तोच, कॅमेरा मात्र मुका

हात जोडून विचारतेय, कुणाकडे जुना राऊटर पडलाय का?

काल आमचा जळला, म्हणून दादरहून तोच, त्याच कंपनीचा घेऊन आले. खोकाही तोच. खाली बारीक अक्षरांत 'व्हर्जन २' छापलंय, ते कोण बघतं? मोबाइलला नेट आलं आणि सकाळी मी ऑफिसला पळाले.

लालबागच्या घरी आई दिवसभर एकटी असते. तिला आता काही लक्षात राहत नाही, फोनही उचलत नाही. पण घरातल्या वाय-फाय कॅमेऱ्यातून माझा आवाज आला की गोळी घेते, जेवायला बसते. आज एक वाजता बघते तर कॅमेरा ऑफलाइन.

रिव्ह्यू उघडले. वर पाच-पाच स्टार, "स्पीड भन्नाट!" खाली माझ्यासारखे रडणारे: नव्या व्हर्जनला जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत. त्यांना एकाने सुनावलंय, "जुनं फेका, जग पुढे गेलं." अरे, काय काय फेकू?

शेजारच्या काकूंना फोन लावला, तर त्या गावाला गेलेल्या. हाफ डे टाकून धावत घरी आले. आई कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली होती. ताट झाकलेलं, गोळी तशीच.

"आज बोललीच नाहीस गं," म्हणाली. "मला वाटलं, रागावलीस."

नवा कॅमेरा मागवलाय, पण तो यायला चार दिवस लागतील. तोवर मळका, तुटका, कसलाही जुना राऊटर चालेल. गिरगाव असो की अँटॉप हिल, मी येऊन घेऊन जाईन. उद्या एक वाजता मला आईला हाक मारायचीय.