काळ नाकारणारा मुकुंदा

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याची बायको, शैलावहिनी, एवढंच म्हणाल्या, "दत्ताभावजी, हे उठलेच नाहीत हो..." आणि मी काय करावं? आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कोण किती वाजता आलं याची नोंद करण्यात माझी उभी नोकरी गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर जिवलग मित्र मेला तरी गेली नाही. मुकुंदा असता तर म्हणाला असता, "दत्तू, जे मुळात नसेलच, ते लिहून कशाला ठेवतोस?"

आम्ही दोघं एकाच साली नोकरीसाठी भोपाळला आलो, तो नागपूरहून, मी साताऱ्याहून, आणि बरखेड्याच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहिलो. तो ट्रान्सफॉर्मर विभागात सुपरवायझर होता. गेटवर कायम उशिरा येणारा तो आणि उशिराचा शेरा मारणारा मी. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तरी हा तिच्याबरोबर चार पावलं चालून यायचा. निवृत्तीनंतर मी कोलार रोडला राहायला गेलो, त्याने बाग सेवनियात घर घेतलं, आणि तिथे त्याला क्वांटम भौतिकीचा नाद लागला. दुसऱ्या कुणाला पत्त्यांचा लागतो तसा.

रविवारी सकाळी मी पोहे-जिलबी घेऊन त्याच्याकडे जायचो. त्याचं म्हणणं असं, की ज्या जागेत आपण वावरतो आणि जो काळ आपण घड्याळात पाहतो, ते दोन्ही विश्वाच्या पायाशी नसावेतच. पायाशी असावा कणाकणांमधला क्वांटम गुंता, आणि त्यातून जागा आणि काळ वर येत असावेत. 'असावेत'वर त्याचा फार जोर. "अजून सिद्ध झालेलं नाही, उगाच गावभर सांगत सुटू नकोस," असं बजावायचा. एका रविवारी त्याने टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल उचलला. वहिनींनी तीन महिने खपून विणलेला. "हा समज अवकाश, म्हणजे जागा. लांबून सलग दिसतो ना? जवळून बघ, नुसत्या गाठी. आता गाठी सोडवल्या तर..." आणि त्याने खरोखरच धागा ओढला. बघता बघता अर्धा रुमाल त्याच्या मांडीवर गोळा झाला. "गेली की नाही जागा?" तो आनंदाने ओरडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "गेलीच," त्या म्हणाल्या, "तुमची, या घरातली." पुढचे दोन रविवार आम्ही अंगणात बसलो.

बरखेड्यातला आमचा जुना चहावाला इरफानमियाँ मात्र भारी निघाला. काळ नसावाच, हे मुकुंदाकडून ऐकून घेतल्यावर त्याने आपल्या ठसकेबाज भोपाळीत विचारलं, "को खाँ, टाइम हे ई नईं, तो अपना दूध काए को फट रिया हे?" दोन दिवस मुकुंदाला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मला घेऊन तो खास रिक्षाने तिथे गेला आणि तासभर उभं राहून त्याने समजावलं, की नीटनेटकं असलेलं विस्कटत जातं, त्या विस्कटण्यालाच आपण काळ पुढे गेला म्हणतो. इरफानमियाँने सगळं ऐकलं. "मतलब दूध तो फटेगा." "फटेगा," मुकुंदाने कबूल केलं.

आता कबुली माझी. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मान हलवायचो, मधूनमधून "अगदी!" म्हणायचो आणि जिलबी खायचो. आमच्या इथल्या मराठी मंडळात त्याचं एक व्याख्यान झालं, तेव्हा लोक अध्यात्म समजून आले आणि अर्ध्यातून उठून गेले. एका काकूंनी जाता जाता विचारलं, "मग मुहूर्त पाहायचा की नाही?" त्यानंतर त्याला ऐकणारा मी एकटाच उरलो. मी जर "कळत नाही" म्हटलं असतं तर तो बोलायचाच थांबला असता, अशी मला भीती वाटायची. शेवटच्या रविवारी त्याने चष्मा काढून विचारलं, "दत्तू, खरं सांग, समजतंय ना?" मी म्हटलं, "अगदी!" तो हसला. चार दिवसांनी तो गेला. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं, ते मनाला लागून राहिलं.

तीन आठवड्यांनी वहिनींनी त्याची एक वही माझ्या हातात ठेवली. "वाचा. यात तुम्हीच आहात." रविवारी मला काय सांगायचं याची तो टिपणं काढत होता, हे मला माहीतच नव्हतं. गुंत्याच्या व्याख्येशेजारी समासात लिहिलं होतं : 'इथे दत्तू मान हलवेल. समजलेलं नसेल. पुन्हा सांगणे.' पुढच्या पानावर : 'इथे अगदी म्हणेल. दोन पानं मागे जाणे.' वहीभर हेच. मी आधी मोठ्याने हसलो, मग रडू आवरेना. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

आता रविवारी त्याच्या खुर्चीसमोर बसून मी ती वही वाचतो. सहाव्या पानाच्या पुढे गाडी जात नाही. परवा वाचता वाचता थांबलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "मुकुंदा, नाही समजलं रे... पुन्हा सांग."