ब्रेक फेल होत नसतो

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यानं वाटणीत आम्हाला एक खिळखिळी जीप दिली आणि तिच्यासोबत अपघाताच्या गाड्या तपासणारे हे साहेब. ठाण्यात लिहायला मी असायचो. साहेब कधी गाडीखाली वाकले नाहीत. पान चघळत टायरला एक लाथ घालायचे आणि निकाल द्यायचे, "ब्रेक फेल होत नसतो. लिवा, डायवरला झोप लागली."

प्यायलाही पाणी पुरत नव्हतं त्या दुष्काळात एका भरल्या टँकरनं ठाण्याचीच भिंत पाडली. डायवर रडकुंडीला आला. "साहेब, लायसन जाईल हो! पायानं दाबून तर बघा, ब्रेक लागतच न्हाई."

साहेबांनी लाथ घातली, नेहमीचा निकाल दिला आणि जीप सुरू केली. उतारावरून निघालेली जीप थेट त्याच टँकरवर आदळली. आत साहेब जिवाच्या आकांतानं पाय आपटत होते, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

साहेब उतरले, टोपी झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिवा. डायवरला झोप लागली."

टँकरच्या डायवरनं तोटी सोडली, तांब्या भरला आणि अदबीनं पुढं धरला. "तोंड धुऊन घ्या, साहेब."